आधी हेतू, मग तास, शेवटी वेळापत्रक : नोकरी-घर सांभाळून एक मोठं काम तडीस नेण्याची पद्धत

वेळापत्रक मोडलं की माणसं आपल्या शिस्तीला दोष देतात. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. लोक कोरी वही घेऊन थेट 'पहाटे ५ ते ६ अमुक, ६ ते ७ तमुक' असं लिहायला बसतात. ते काम कशासाठी करायचं, त्याला एकूण किती तास लागतील आणि आपल्याकडे खरोखर किती आहेत, हे तिन्ही प्रश्न मागेच राहतात. मग गणपती येतात, घरात कुणाला ताप येतो आणि रकाने कोरे पडायला लागतात.

खाली दिलेला क्रम बदलू नका. नुसतं वाचून पद्धत कळत नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे : डोंबिवलीत राहणारी, फोर्टात नोकरी करणारी, शाळकरी मूल असलेली एक स्त्री. तिला अर्धवट राहिलेलं शास्त्रीय गायन पुन्हा सुरू करून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पुढची परीक्षा द्यायची आहे. तुमचं काम खात्याची परीक्षा, शेतीला जोडधंदा किंवा घरच्या घरी शिवणकाम असं काहीही असू शकतं. आकडे बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

## तयारी : एक वही, एक आठवडा, काहीही न बदलता

लागणारं सामान : शंभर पानी वही, पेन आणि भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यात सण, सुट्ट्या आणि लग्नाचे मुहूर्त एकत्र दिसतात. ॲप नको. ॲपचे रंग आणि सूचना जुळवण्यातच पहिला रविवार जातो.

सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद करा. रात्री आठवून लिहू नका, दिवसातून चार वेळा लिहा : न्याहारीनंतर, दुपारच्या डब्यानंतर, घरी पोचल्यावर आणि झोपताना. रात्री एकदम लिहिलं की मोबाइलमध्ये गेलेला पाऊण तास 'दहा मिनिटं' होतो. त्या आकड्यासाठी आठवणीवर विसंबूच नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' असतो, तिथला रोजचा आकडा वहीत उतरवा.

सावधान : या आठवड्यात सुधारायचा प्रयत्न करू नका. नोंद चालू आहे म्हणून लवकर उठलात, तर वहीत तुमचा आठवडा येणार नाही, पाहुण्यांसमोर आवरलेलं घर येईल.

तपासणी : सात दिवसांची बेरीज १६८ तास यायला हवी. १५०च्या आसपास आली, तर जे १८ तास हरवले तेच शोधायचे आहेत. ते बहुधा दोन कामांच्या मधल्या फटींत असतात : चहा झाल्यावर, टीव्ही चालू असताना, मूल झोपायची वाट बघताना.

## पायरी १ : हेतू लिहा आणि तो आपलाच आहे का ते तपासा

नोंदीचा आठवडा चालू असतानाच हे करा. एका निवांत बैठकीत, पाऊण तासात, कुणाशी न बोलता.

हेतू म्हणजे कधी संपत नाही अशी गोष्ट : 'गाणं माझ्या आयुष्यात राहिलं पाहिजे', 'आईवडिलांच्या म्हातारपणात मी हाताशी असलं पाहिजे'. ध्येयाला शेवट आणि तारीख असते : 'एप्रिल-मेच्या सत्रात परीक्षा देणं'. काम एका बैठकीत बसतं : 'रागाची बंदिश पाठ करणं'. या तिन्ही पातळ्या एकाच यादीत लिहिल्या की 'गाणं शिकायचं' आणि 'गॅसचा नंबर लावायचा' शेजारी-शेजारी येतात. रोज गॅसच जिंकतो, कारण तो दोन मिनिटांत होतो.

पाचापेक्षा जास्त हेतू लिहू नका. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : गेल्या तीन महिन्यांत यासाठी काही पैसे किंवा एखादी संध्याकाळ खर्च केली का? मुळीच नाही, तर ती अजून नुसती इच्छा आहे. इच्छा असण्यात वाईट काही नाही, पण तिला तास देऊ नका.

दुसरा : हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं, तरी करेन का? जावेच्या मुलीने केलं, ऑफिसातल्या सहकाऱ्याने केलं म्हणून घेतलेली ध्येयं इथे गळतात. हा प्रश्न चुकवू नका. उसन्या ध्येयावर माणसं वर्षानुवर्षं घालवतात आणि स्वतःला आळशी म्हणत राहतात.

तिसरा : यासाठी काय सोडणार? उत्तर ठोस हवं. 'वेळ वाया घालवणं सोडेन' हे उत्तर नव्हे. 'रात्री साडेनऊची मालिका सोडेन' हे उत्तर.

उरतील त्यातला एकच हेतू वाढीचा ठेवा, म्हणजे ज्यात पुढे जायचं आहे तो. बाकीचे एक-दोन सांभाळण्याचे : आईवडील, मूल, स्वतःची तब्येत. लोक इथे हमखास चुकतात. सांभाळण्याच्या हेतूंना तास लागत नाहीत असं धरून चालतात, आणि मग कल्याणला आईकडे गेलेला रविवार त्यांना 'बुडालेला' वाटतो. तो बुडालेला नसतो. तो आधीपासून वहीत असायला हवा होता.

## पायरी २ : खरे तास मोजा

आता नोंदवही उघडा. उदाहरणातल्या आठवड्याचा हिशोब असा येतो :

- झोप, रोज ७ तास : ४९
- ऑफिस, साडेनऊ ते सहा, पाच दिवस : ४२.५
- घर ते ऑफिस आणि परत, रोज साडेतीन तास : १७.५
- अंघोळ, जेवण, आवरणं, रोज २ तास : १४
- स्वयंपाक, धुणं, घरकाम, रोज अडीच तास : १७.५
- बाजार, बिलं, बँक, मुलाचा अभ्यास : ८

बेरीज १४८.५. उरले १९.५ तास. हा आकडा बघून हुरूप येतो आणि तिथेच गडबड होते. याच्या निम्मेच धरा, म्हणजे साधारण दहा. उरलेल्या निम्म्यात अचानक आलेले पाहुणे, मुलाचा ताप, रविवारचा मेगाब्लॉक, सोसायटीची सभा आणि नुसतं पडून राहणंही येतं. पडून राहणं खर्चात धरलं नाही, तर ते रियाजाच्या वेळेतून घेतलं जातं.

या दहातून आईवडिलांकडे जाण्याचे अडीच तास काढा : साडेसात. गुरूंकडची आठवड्याची शिकवणी, जाण्यायेण्यासह दीड तास : उरले सहा. आठवड्याला सहा तास. पुढचं सगळं या सहाच्या आधारावर.

सावधान : झोपेचे तास कापून आकडा वाढवू नका. पहिल्या आठवड्यात पहाटेचा एक तास मिळाल्यासारखा वाटतो. तिसऱ्या आठवड्यात तो लोकलमध्ये उभ्याने पेंगण्यात आणि ऑफिसातल्या चुका निस्तरण्यात परत जातो. गळ्यासाठी तर झोप मोडणं दुप्पट महाग.

## पायरी ३ : ध्येयाला तारीख देण्याआधी गुणाकार करा

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात : एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याला साहजिकच नोव्हेंबर गाठावासा वाटतो. आधी कामाचा अंदाज काढा. समजा आठ राग नव्याने बसवायचे आहेत, प्रत्येकाला १२ तास, म्हणजे ९६. संगीतशास्त्राच्या लेखी भागासाठी २० आणि शेवटच्या उजळणीसाठी १०. एकूण १२६ तास.

याला दीडने गुणा : १८९. हे दीडपट कशासाठी? माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं आणि प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. अंदाज करताना आपण सगळं सुरळीत चाललेलं चित्र डोळ्यांसमोर आणतो. मागच्या वेळी काय काय आडवं आलं होतं, हे तेव्हा आठवत नाही.

आता आठवडे मोजा, कॅलेंडर समोर ठेवून. जूनच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर साधारण २५ आठवडे. गणपतीचे २, नवरात्र-दसऱ्याचा १, दिवाळीचे २ (फराळ आणि साफसफाई धरून), आजारपणाचे २ वजा करा. उरले १८. अठरा गुणिले सहा, १०८ तास. हवे आहेत १८९. मूळचे १२६सुद्धा बसत नाहीत.

एप्रिलच्या मध्यापर्यंत ४५ आठवडे. गणपती २, नवरात्र १, दिवाळी २, लग्नसराई २, मार्चअखेरची ऑफिसची धावपळ २, आजारपण ३. बारा गेले, ३३ उरले, म्हणजे १९८ तास. बसतं, जेमतेम नऊ तास शिल्लक ठेवून.

हा पाच मिनिटांचा गुणाकार न केल्यामुळे ऑक्टोबरात 'माझ्याच्याने होत नाही' असं वाटायला लागतं. होत नव्हतं हे खरं, पण ते जूनमध्येच कागदावर दिसलं असतं.

तपासणी : गुणाकार बसत नसेल तर तीनच मार्ग आहेत : तारीख पुढे न्या, काम कमी करा किंवा सध्या घेतलेली एखादी जबाबदारी सोडा. 'जास्त मन लावून करेन' हा चौथा मार्ग नाही.

## पायरी ४ : कामं वेळेच्या जातीप्रमाणे वेगळी करा

सगळे तास सारखे नसतात. कामाची यादी विषयाप्रमाणे करू नका. ते काम कुठे आणि कोणत्या अवस्थेत होऊ शकतं, त्याप्रमाणे करा.

आवाज लागणारी कामं (खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, पलटे म्हणजे स्वरांच्या ठरावीक रचना, आलाप) फक्त घरी आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा वेळी. सकाळी सहा-सव्वासहानंतर किंवा रात्री नऊच्या आत. फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, म्हणून मधल्या खोलीचं दार लावून, तानपुऱ्याचा आवाज बेताचा ठेवून. हेच खरे महागडे तास.

कानाची कामं (त्या रागाची रेकॉर्डिंग ऐकणं, गुरूंनी भरून दिलेली बंदिश मनात म्हणणं) सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभ्यानेही होतात.

डोळ्यांची कामं (शास्त्राचं वाचन, स्वरलिपी, टाचणं) संध्याकाळी परतताना, कारण सीएसएमटीहून गाडी सुटते आणि एक गाडी सोडली तर बसायला मिळण्याची शक्यता बरी असते. बसल्याबसल्या मांडीवर तालाच्या टाळी-खालीचा हिशोबही पक्का होतो. तिलवाडा, झुमरा या तालांच्या मात्रा घरी वेळ काढून घोकायची गरजच नाही.

मेलेल्या डोक्याची कामं (वही नीट उतरवणं, झेरॉक्स, फॉर्म, रेकॉर्डिंगला नावं देणं) रात्री दहानंतर.

सगळ्यांत नुकसानीची चूक इथली : घरी मिळालेला शांत पाऊण तास शास्त्राची टाचणं काढण्यात जातो, कारण ते सोपं आणि सुखाचं असतं. मग आवाज लावायला लोकलमध्ये जागा नसते. महाग वेळेत स्वस्त काम करू नका.

लोकलचे साडेसतरा तास मघाच्या सहात धरलेले नाहीत, आणि धरूही नका. तो वरकड. मिळाला तर उत्तम, पण पावसात गाड्या कोलमडल्या म्हणून आखणी कोलमडता कामा नये.

## पायरी ५ : घरच्यांशी बोला, आठवडा आखायच्या आधी

हे बोलणं वेळापत्रक लिहून झाल्यावर केलं की ते फर्मान वाटतं. आधी केलं की ठराव होतो.

'मला वेळ हवा' असं मोघम म्हणू नका. वार, वेळ आणि बदल्यात काय, ते सांगा : "मंगळवार आणि गुरुवार रात्री सव्वाआठ ते नऊ मी आतल्या खोलीत. तेवढा वेळ पोराचा अभ्यास तू बघ. शनिवारचा सगळा बाजार माझ्याकडे." सासूबाई घरात असतील तर त्यांच्याशी नवऱ्यामार्फत नको, स्वतः बोला : "आई, मंगळवार-गुरुवार कुकर मी घरी आल्या-आल्या लावते, फोडणी नऊनंतर घालू. चालेल ना?" वेळ मागण्यापेक्षा जेवण किती वाजता होणार, याचं उत्तर देणं जास्त महत्त्वाचं असतं. घरातली बहुतेक कुरबुर त्याच एका गोष्टीवर होते.

नातेवाइकांकडचे कार्यक्रम हा वेगळा विषय. साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, डोहाळजेवण. सगळ्यांना 'नाही' म्हणणं आपल्याकडे जमत नाही आणि तसं करूही नये. जवळच्यांकडे पूर्ण जा. बाकीच्यांना आधीच फोन करून सांगा : "जेवायला थांबता येणार नाही, पण येऊन जाईन नक्की." तासाभरात ओटी भरून, भेटून निघता येतं. ऐनवेळी न जाण्याने माणसं दुखावतात, आधी सांगून लवकर निघण्याने नाही.

## पायरी ६ : आता आठवडा आखा

इथे पहिल्यांदा रकाने आखायचे. क्रम असा :

१. सांभाळण्याच्या हेतूंचे तास आधी टाका : आईकडचा एक रविवार आड किंवा शनिवार संध्याकाळ, डॉक्टरची तारीख, मुलाची शाळेची सभा.

२. मग मोठ्या ध्येयाच्या बैठका. सहा तासांची वाटणी : मंगळ, गुरू रात्री ४५ मिनिटं, बुध, शुक्र सकाळी ४५ मिनिटं (एकूण ३ तास), रविवारी सकाळी सलग दीड तास आणि शास्त्राचे दीड तास शनिवारी दुपारी.

३. घरकाम आणि बाजार उरलेल्या जागेत.

४. सोमवार मोकळा. मुद्दाम. हुकलेली एक बैठक तिथे येऊ शकते, एकच.

प्रत्येक बैठकीसमोर 'रियाज' असं लिहू नका. नेमकं काम लिहा : 'पुरिया धनाश्री, विलंबित स्थायी, सम पकडणं' (म्हणजे त्या रागातल्या संथ लयीच्या बंदिशीचा पहिला भाग, तालाची पहिली मात्रा अचूक गाठत). वहीत नुसतं 'रियाज' असलं की पहिली दहा मिनिटं काय करायचं ते ठरवण्यात जातात, आणि दमलेला माणूस आधीपासून येणारंच गात बसतो.

प्रत्येक बैठकीला एक खूण जोडा, घड्याळाची नव्हे तर आधीच्या कृतीची : 'देवापुढे दिवा लावला की तानपुरा लावायचा.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये अशा 'अमुक झालं की तमुक' ठरावांचा परिणाम मांडला. नुसत्या 'करायचं आहे' या निश्चयापेक्षा ते पाळले जातात, कारण त्या क्षणी नव्याने ठरवावं लागत नाही. गाडी उशिरा आली तरी दिवा लागतोच.

सावधान : रात्रीची बैठक जेवणानंतर ठेवू नका. भरल्या पोटी श्वास पुरत नाही, आणि जेवल्यावर सोफ्यावर टेकलेला माणूस उठत नाही. हे गाण्यापुरतं नाही, अभ्यासालाही तितकंच लागू.

## पायरी ७ : किमान पातळी ठरवून ठेवा

ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवसासाठी आधीच लिहून ठेवा : बारा मिनिटं. आठ मिनिटं खर्जात सा लावणं, चार मिनिटं एक बंदिश ठेक्यासह. ही पातळी दमलेल्या, चिडलेल्या दिवशीही हास्यास्पद वाटेल इतकी लहान हवी.

तिचा उपयोग धागा तुटू न देण्यापुरता आहे, तास भरून काढण्यासाठी नाही. म्हणून तिची नोंद वेगळ्या खुणेने करा. बारा मिनिटांचे चार दिवस म्हणजे 'आठवडा झाला' असं धरू नका. उलट, हुकलेल्या तीन बैठका रविवारी एकदम उरकायलाही बसू नका. रविवारच्या दीड तासासह पावणेचार तास सलग गायलं की गळा बसतो आणि पुढचे दोन दिवस त्यात जातात.

## पायरी ८ : रविवारी वीस मिनिटं हिशोब

तीन गोष्टी लिहा : ठरलेल्या बैठका किती, झाल्या किती, हुकलेल्यांचं कारण काय. कारण एका ओळीत आणि खरं. 'कंटाळा' लिहायचा असेल तर तोच लिहा, पण पुढे कोणत्या कामाचा कंटाळा तेही लिहा. बहुतेकदा ते काम फार मोठं किंवा अस्पष्ट असतं, आणि त्याचे दोन तुकडे केले की सुटतं.

सलग तीन आठवडे निम्म्याच्या आसपास किंवा कमी बैठका झाल्या, तर आखणी चुकली आहे. एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो वार किंवा ती वेळ बदला. वेगवेगळी कारणं येत असतील, तर तास जास्त धरले गेले आहेत : पायरी २ वर परत जा आणि सहाचे चार करा. चार तासांनी तारीख बसते का, ते पायरी ३ च्या गुणाकाराने पुन्हा बघा.

सगळ्या बैठका होत असतील तरी लगेच वाढवू नका. एखादा सण मध्ये जाऊ द्या. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गाडी आपोआप रुळावर आली, तर एक बैठक वाढवायला हरकत नाही.

## पायरी ९ : फॉर्म भरायच्या आधीचा निर्णय

परीक्षेचा अर्ज भरण्याच्या मुदतीआधी साधारण दोन आठवडे एक बैठक फक्त यासाठी ठेवा. किती राग बसले? 'बसला' म्हणजे गुरूंसमोर न अडखळता विलंबित, द्रुत (जलद लयीतली बंदिश) आणि आलाप-ताना झाल्या तर. किती तास उरले? उरलेल्या कामाला दीडने गुणून ते उरलेल्या तासांत बसत असेल, तर अर्ज भरा. थोडक्यात हुकत असेल, तर मार्चअखेरनंतर चार दिवस रजा टाकता येते का ते ऑफिसात आत्ताच विचारा, मार्चमध्ये कुणी रजा देत नाही. बरंच अंतर असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र धरा, आणि त्याच दिवशी पायरी ३ चा गुणाकार नव्या तारखेने पुन्हा मांडून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

पुढचं सत्र धरलं म्हणून रियाजाच्या बैठका थांबवू नका, एका आठवड्यासाठीही. अर्ज भरला नाही तरी मंगळवारचे सव्वाआठ तसेच राहतात. घरच्यांनाही तेच सांगा, नाहीतर ती वेळ दोन आठवड्यांत दुसऱ्या कामाला दिली जाते आणि परत मागणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.